येल येथील विद्यार्थिजीवन व खेळ (एकोणिसावे शतक)

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील न्यू हेवन शहरात येल कॉलेज आहे. त्याची स्थापना १७०१ ची. मद्रासचा माजी गव्हर्नर एलिहू येल याने पाठवलेल्या मालाच्या गाठी विकून पैसा उभा राहिला, म्हणून १७१८ मध्ये त्याचे नाव संस्थेला मिळाले. तिला विद्यापीठ म्हणू लागले ते १८८७ पासून. येथील एकोणिसाव्या शतकातला अभ्यासक्रम आज फारसा कोणाला आठवत नाही. मुलांनी फावल्या वेळात चालवलेले खेळ मात्र देशभर पसरले.

दिवस सकाळच्या सक्तीच्या प्रार्थनेने सुरू होई (ही सक्ती १९२६ पर्यंत टिकली). मग लॅटिन, ग्रीक आणि गणित. तास म्हणजे मुख्यतः नेमलेला पाठ शिक्षकासमोर म्हणून दाखवणे. १८२८ च्या प्रसिद्ध अहवालात कॉलेजने या जुन्या भाषांच्या शिक्षणाची ठाम पाठराखण केली. त्याच वर्षी खाणावळीतल्या जेवणावरून मुलांनी बंड केले. १८३० चे बंड याहून गंभीर होते. शंकुच्छेदांच्या (शंकू कापल्यावर मिळणाऱ्या वक्रांच्या) आकृत्या पुस्तकात न पाहता फळ्यावर काढा, असा हुकूम निघाला. मुलांनी तो धुडकावला आणि त्रेचाळीस जणांना कॉलेजातून काढून टाकले. दुसऱ्या कॉलेजांनीही त्यांना घेऊ नये, अशी पत्रे गेली. भूमितीवरचा राग विधिपूर्वक काढण्याचीही रीत होती: दुसऱ्या वर्षाची मुले मशाली घेऊन भूमितीकार युक्लिडची अंत्ययात्रा काढत, थट्टेची भाषणे करत.

मुलाची खरी ओळख त्याच्या तुकडीवरून ठरे. चार वर्षे तीच तुकडी, तेच सोबती. वरच्या वर्षाने खालच्यावर हुकमत गाजवायची, हा अलिखित कायदा. आवारातले लाकडी कुंपण हा त्यांचा कट्टा. त्यावर बसण्याचा मान पहिल्या वर्षाच्या मुलांना नव्हता. हार्वर्डच्या नवख्यांना बेसबॉलमध्ये हरवले तर तो मिळे. १८८८ मध्ये नव्या इमारतीसाठी हा कट्टा हलवला गेला, तेव्हा माजी विद्यार्थीही हळहळले. १८३२ ची ‘स्कल अँड बोन्स’ ही गुप्त मंडळी, १८७८ चे ‘येल डेली न्यूज’ हे दैनिक, सगळे मुलांनीच उभारलेले. गावकऱ्यांशी मात्र वैर असे. १८५४ च्या दंगलीत एक माणूस मेला आणि चिडलेल्या जमावाने कॉलेजवर डागायला तोफाही आणल्या होत्या.

खेळांची सुरुवात पाण्यावर झाली. १८४३ मध्ये येलच्या मुलांनी वल्हवण्याचा क्लब काढला. ३ ऑगस्ट १८५२ रोजी न्यू हॅम्पशायरमधील विनिपिसॉकी सरोवरात हार्वर्डने येलला हरवले. अमेरिकेतला हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना. त्याचा खर्च केला एका रेल्वे कंपनीने, प्रवासी मिळावेत म्हणून! जाहिरात आणि कॉलेजचे खेळ यांची सोयरीक तेव्हापासूनची.

ज्यातून पुढे अमेरिकन फुटबॉल घडला, तो फुटबॉल सुरुवातीला धड खेळ नव्हताच. दोन तुकड्यांची ती झोंबाझोंबी असे. १८७५ मध्ये न्यू हेवनला येल आणि हार्वर्ड यांचा पहिला सामना झाला, तो रग्बीच्या (चेंडू हातात घेऊन पळण्याच्या इंग्लिश खेळाच्या) वळणाच्या तडजोडीच्या नियमांनी. येल ४-० असे हरले, पण खेळ त्यांना आवडला. पुढच्या वर्षी दाखल झालेल्या वॉल्टर कॅम्पने तो घडवला. १८८० मध्ये त्याच्या आग्रहाने प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू ठरले. रग्बीतल्या घोळक्याऐवजी चेंडू एका संघाकडे राहून डाव सुरू होऊ लागला. पण यात एक खोट निघाली. १८८१ मध्ये प्रिन्स्टन आणि येल यांनी अर्धा-अर्धा सामना चेंडू नुसता दाबून धरला. गुण शून्य, प्रेक्षक वैतागले. म्हणून १८८२ मध्ये नियम आला: तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू सोडा. हे अंतर मोजण्यासाठी मैदानावर रेघा मारल्या गेल्या. अमेरिकन फुटबॉल रग्बीपासून फारकत घेतो तो इथे. पुढे कॅम्प घड्याळांच्या कारखान्यात नोकरी करत संघाला सल्ला देई.

१८८८ च्या हंगामात येलने तेरा सामन्यांत ६९८ गुण केले आणि एकही दिला नाही. त्या संघातला हेफेलफिंगर १८९२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका क्लबकडून पाचशे डॉलर घेऊन खेळला. पैसे घेऊन खेळलेला पहिला ज्ञात फुटबॉलपटू तोच. खेळ रांगडा होत गेला. १८९४ मध्ये स्प्रिंगफील्डला हार्वर्डशी झालेल्या सामन्यात इतके खेळाडू जखमी झाले, की पुढची दोन वर्षे हे दोन संघ एकमेकांशी फुटबॉल खेळलेच नाहीत.