पोथी झाली, प्रश्न राहिला

पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारी माणसाचा त्रास हलका करणाऱ्या उपचारांच्या, टीमबरोबर मी गृहभेटींना जाते. रुग्णाच्या कागदांत 'आध्यात्मिक गरजा' असा एक रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा एकच शब्द भरलेला सापडतो: 'हिंदू'. क्वचित 'बौद्ध', क्वचित 'ख्रिश्चन'. वृद्धाश्रमांच्या माहितीपत्रकात 'आध्यात्मिक वातावरण' असं छापलेलं असतं आणि चौकशी केली की कळतं, संध्याकाळी पाचला भजन असतं. भजन असावंच. पण धार्मिक गरज आणि आध्यात्मिक गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ही गल्लत अंथरुणाला खिळलेल्या माणसाला फार महाग पडते.

धार्मिक गरज आपल्या घराघरांत सगळ्यांना ठाऊक आहे. हरिपाठ, विष्णुसहस्रनाम, उशाशी गंगाजल, तुळशीचं पान. बौद्ध घरात त्रिशरण-पंचशील. वसईत किंवा गोव्यात फादर येऊन कपाळाला आणि हातांना तेल लावतात. रुग्णाला हवं असेल तर हे सगळं मनापासून करावं. फक्त एक कळकळीची विनंती: मोबाइलवर महामृत्युंजय लावून तो दिवसभर उशाशी ठेवू नका. ज्याला कुशीवर वळता येत नाही, त्याला तो बंदही करता येत नाही.

धार्मिक गरजेसाठी गुरुजी लागतात, आध्यात्मिक गरजेसाठी नाही. पहिली श्रद्धाळूंची, दुसरी नास्तिकालाही असते. इथवर सांगितलं की लोक माना डोलावतात. अडतं ते पुढे.

धार्मिक गरज आपण पुरी करू शकतो. पोथी आणता येते, वाचता येते, वाचून झाली की झाली. रुग्णाला ग्लानी असली तरी त्याच्या वतीने कोणीतरी वाचतं. आध्यात्मिक गरज दुसऱ्या कोणाला त्याच्या वतीने उरकता येत नाही. मी जगलो ते कशासाठी? माझ्या हातून जे झालं त्याचं काय? आता कामाचा उरलो नाही, तरी मी कोणाला हवा आहे का? हे माझ्याच वाट्याला का? हे त्याचं त्यालाच बोलावं लागतं आणि आपल्याला ऐकावं लागतं. आपण नेमकं उलटं करतो. तो बोलू लागला की आपण उत्तर देतो, आणि तो गप्प होतो.

एका निवृत्त शिक्षकांच्या घरी हे मी डोळ्यांनी पाहिलं. सहस्रनाम रोज होत होतं, देवघर खाटेवरून दिसेल असं हलवलं होतं. धार्मिक बाजूने काडीची उणीव नव्हती. आणि अप्पा रात्र-रात्र जागे. एकदा ते म्हणाले, "एका पोराच्या कानाखाली मारली होती मी. नंतर त्याला त्या कानानं कमी ऐकू यायचं." मुलगा लगेच म्हणाला, "अप्पा, तेव्हा सगळेच मास्तर मारायचे. तुम्ही किती पोरं घडवलीत!" मायेपोटीच म्हणाला, पण अप्पांनी मान भिंतीकडे वळवली. पुढच्या भेटीत आमच्या नर्सताईंनी एवढंच विचारलं, "त्या मुलाचं नाव काय होतं, सर?" नाव त्यांना आठवत होतं. बाकही आठवत होता. पुढचा अर्धा तास ते बोलत होते आणि मुलगा उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. कोणी त्यांना माफ केलं नाही, कोणी समजूतही घातली नाही.

'मीच का?' हे वाक्य तर सगळ्यांनाच फसवतं. ते प्रश्नासारखं दिसतं म्हणून आपण उत्तर शोधतो, आणि आपल्याकडे ते तयारच असतं: भोग आहेत, प्रारब्ध आहे, गेल्या जन्मीचं देणं. कर्करोगाने पिंजलेल्या माणसाला 'हे तुझंच देणं आहे' असं सांगणं मला क्रूर वाटतं. रुग्ण स्वतः 'भोग आहेत, संपतील' म्हणाला आणि त्यातून त्याला धीर येत असेल, तर ते त्याचं आहे; त्याला दुरुस्त करू नये. पण आपण ते त्याच्या तोंडात घालू नये. 'पॉझिटिव्ह राहा' आणि 'असं अभद्र बोलू नये' हीसुद्धा त्याच जातीची झाकणं.

पॅलिएटिव्ह केअरला आधुनिक वळण देणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन होत्या. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं, तेही सर्व धर्मांच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या लोकांसाठी. दुखणं शरीराचं, मनाचं, नात्यागोत्याचं आणि आध्यात्मिक असं चारही अंगांनी असतं, ही मांडणी त्यांची. त्यांची एक रुग्ण म्हणाली होती, की दुखायला पाठीपासून सुरुवात झाली, पण आता मी सगळीच बिघडलेय असं वाटतं. यावर कुठल्या ओळीचं पारायण करणार? आपल्याकडचं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, 1986 मध्ये सुरू झालं. म्हणजे हा विचार आपल्याकडे काल-परवा आलेला नाही.

आधी शरीराचं दुखणं आटोक्यात आणा. कण्हणारा माणूस आयुष्याचा अर्थ लावू शकत नाही. आणि नैराश्य हा वेगळा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. प्रत्येक उदासीला अध्यात्माचं लेबल लावून डॉक्टरांना टाळू नका. मग टीव्ही बंद करा, खुर्ची खाटेजवळ ओढा आणि विचारा, "तुम्हाला आत्ता सगळ्यात जास्त घोर कशाचा आहे?" कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह रुग्णाला विचारायला सांगतात, तो प्रश्नही मला फार आवडतो: माणूस म्हणून तुमच्याबद्दल काय माहीत असलं, तर आम्ही तुमची काळजी नीट घेऊ शकू? विचारल्यावर गप्प बसायचं. हे मला अजूनही जड जातं.

उलट टोकाचं घरही पाहिलं. जन्मभर माळ घातलेल्या, वारी न चुकवलेल्या आजी. त्यांनी एकाएकी हरिपाठ ऐकायचं बंद केलं. घरचे घाबरले, पुस्तक पुन्हा पुन्हा हातात देऊ लागले. नातीने एकदा विचारलं, "आजी, तुला नको झालंय का गं हे?" आजी म्हणाल्या, "त्याच्याशी बोलत नाही मी." विठ्ठलावर त्या रागावल्या होत्या. जनाबाई त्याच्याशी भांडली, तिचं भांडण आपण भक्ती म्हणून गातो. पण घरातल्या म्हातारीचं भांडण आपल्याला सोसत नाही. नातीने पुस्तक फडताळात ठेवलं. आजींनी ते शेवटपर्यंत मागितलं नाही. खाट मात्र दाराशी हलवून घेतली, तिथून शेळ्या दिसायच्या.