जीव लावणं आणि जीव अडकणं

"प्रेम आहे म्हणूनच तर जीव तुटतो ना!" हे वाक्य नाशकात मी लग्नाच्या मांडवापासून दवाखान्याच्या बाकड्यापर्यंत सगळीकडे ऐकते आणि दर वेळी अस्वस्थ होते. जीव तुटतो, हे खरं. पण जितका जास्त तुटतो तितकं प्रेम मोठं, हा हिशेब साफ चुकीचा आहे. त्यापायी चांगली माणसं एकमेकांना छळतात.

जीव अडकणं म्हणजे काय, ते कोणाला सांगायला नको. फोन उचलला नाही की नको नको ते मनात येतं, माणूस दिसेपर्यंत चैन पडत नाही. प्रेम आणि द्वेष यांतही कोणी गल्लत करत नाही. घोळ होतो तो हुबेहूब प्रेमासारखं दिसणाऱ्या गोष्टीपाशी.

पाचव्या शतकातल्या बुद्धघोष या बौद्ध भिक्षूने 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात तो नेमका पकडलाय. मैत्रीभावना म्हणजे दुसऱ्याचं भलं व्हावं असं मनापासून वाटणं. तिचे दोन शत्रू तो सांगतो. लांबचा शत्रू द्वेष, जवळचा शत्रू आसक्ती. जवळचा अशासाठी, की मैत्री आणि आसक्ती दोघींनाही समोरच्याचे गुणच दिसतात. म्हणून आसक्ती घरात शिरली तरी पाहुणी वाटत नाही.

मग फरक कुठे? समोरच्याचं भलं व्हावं असं दोन्हींत वाटतं. आसक्तीत त्याला एक अट चिकटलेली असते: ते भलं माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या पद्धतीने आणि माझं मन शांत ठेवून व्हायला हवं.

ठक्कर बाजारच्या स्थानकावर एक मुलगी पुण्याच्या बसमध्ये बसते. नवी नोकरी, पहिलाच एकटीचा प्रवास. सिन्नरला आईचा फोन, "जागा मिळाली का नीट?" संगमनेरला पुन्हा, "काही खाल्लंस का?" इथवर काहीच बिघडलेलं नाही. फोन मोजून प्रेमाची परीक्षा घेणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. नारायणगावच्या आसपास मुलगी म्हणते, "आई, डोळा लागत होता गं, पोचल्यावर करते."

आता एक आई म्हणेल, "बरं, झोप. ठेवते." काळजी तिलाही तेवढीच आहे, पण ती तिने स्वतःपाशी ठेवली. दुसरी म्हणेल, "इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुला झोप सुचतेय?" एवढ्या एका वाक्यात विषय बदलला. मगापर्यंत मुलीचा प्रवास चालला होता, आता आईची घालमेल सुरू झाली, आणि ती शमवायचं काम दमलेल्या मुलीच्या गळ्यात पडलं. या आईचं मुलीवर प्रेम नाही असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्या घडीला जे बोललं ते प्रेम नव्हतं. पुढे पुण्यात ताप आला तर ही मुलगी घरी कळवायला कचरेल. तापापेक्षा आईला सावरणं तिला जड जाईल.

म्हणून पारख करायची ती समोरचा "नको" म्हणतो तेव्हा. हो ला हो मिळतंय तोवर दोन्ही सारखीच दिसतात. जोडीदाराच्या मोबाइलचा पासवर्ड मागणं, 'लास्ट सीन' बघून जाब विचारणं आणि त्याला हक्क म्हणणं, हेही त्याच माळेतलं. त्यावर जास्त शब्द खर्चायची गरज नाही.

याच्या उलट टोकाला गेलेली माणसं मला जास्त खटकतात. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात, त्यामुळे आपल्याकडे शिबिर करून आलेलं कोणी ना कोणी ओळखीत असतंच. त्यांतले काही "मी आता कशात अडकत नाही" म्हणतात आणि आजारी भावाकडे फिरकतही नाहीत. ही तिथली शिकवण नव्हे. दहा दिवसांच्या शिबिरात शेवटी, मौन सुटण्याआधी, मंगल मैत्रीच, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणंच, शिकवतात. बुद्धघोषानेही समतेचा, म्हणजे मन न डगमगता स्थिर ठेवण्याचा, जवळचा शत्रू वेगळा सांगितलाय: अज्ञानातून आलेली बेपर्वाई. आईने फोन ठेवला म्हणजे मुलीला सोडून दिलं असं होत नाही. रात्री दोनला मुलीचा फोन आला तर ती पहिल्या रिंगला उचलेल.

मैत्रीचा सराव जिवलगापासून सुरू करू नका, असं बुद्धघोष बजावतो, कारण जिवलगाला जरा काही झालं की रडूच येतं. आधी स्वतः, मग आदर वाटतो असं माणूस, त्यानंतर जिवलग, पुढे ना जवळचं ना नावडतं असं कोणी, आणि सगळ्यात शेवटी वैरी. मला यातली चौथी पायरी फार मोलाची वाटते. सोसायटीचा वॉचमन, सिटीलिंकच्या बसमधला वाहक, कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी. त्यांच्याकडून आपल्याला काही मिळवायचं नसतं, ते दुरावतील अशी भीतीही नसते. तिथे नुसतं "याचं बरं होवो" असं मनापासून वाटू द्यायचं. मावशींचा गुडघा दुखत असेल तर विचारायचं, त्या सांगतील तेवढं ऐकायचं आणि पिशवी उचलून निघायचं. घरच्यांना बदलायला जाण्याआधी महिनाभर एवढंच करा.