गांजा, घोरणं आणि स्लीप ॲप्निया: दाव्यामागचा इतिहास

गांजाने घोरणं थांबतं, झोपेत श्वास अडकणं (स्लीप ॲप्निया) कमी होतं, असा एक दावा अधूनमधून मोबाईलवर फिरत असतो. खानदेशात तो लगेच पचतो. महाशिवरात्रीची भांग आणि साधूंची चिलीम इथे सगळ्यांनी पाहिलेली. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कापसाच्या, तुरीच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी उपटल्याच्या बातम्याही नेहमीच्या. आणि 'भांग घेतली की गाढ झोप लागते' हे तर जुनंच बोलणं.

यातल्या झोपेबद्दल सरकारदरबारी विचारणा झाली ती 1893-94 साली. इंग्रजांनी नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हिंदुस्थानभर हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. त्या काळी भुसावळच्या पुढे त्याच लोहमार्गावरच्या खंडव्याकडे सरकारी देखरेखीखाली गांजाचं पीक निघत असे. माफक सेवनाने सहसा मोठा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, असा कमिशनचा निष्कर्ष होता. त्याआधी 1839 मध्ये कलकत्त्यात डॉ. ओशॉनेसी यांनी गांजाच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. पण झोप 'लागली' की 'नाही लागली' एवढंच तेव्हा विचारता येत होतं. झोपेच्या आत काय चालतं हे बघायला साधनच नव्हतं.

ते 1953 मध्ये उमगलं. शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसाचे डोळे पापण्यांआड भराभर हलतात अशी एक अवस्था नोंदवली. तीच रेम झोप. ठळक स्वप्नं बहुतेक यातलीच. 1968 मध्ये झोपेचे टप्पे मोजायची ठरीव पद्धत आली. इकडे 1964 मध्ये इस्रायलमध्ये मेशुलाम आणि गाओनी यांनी गांजातला नशेचा मुख्य घटक, टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळा केला. दोन्ही धागे 1970च्या दशकात जुळले. टीएचसीने झोप लवकर लागते हे खरं निघालं, पण रेम झोप घटते हेही दिसलं. रोजच्या सेवनाने सुरुवातीचा फायदा ओसरत जातो. अचानक सोडलं तर रेम उसळून येते, रात्रभर विचित्र स्वप्नं पडतात आणि झोप उडते. मग 'त्याशिवाय झोपच लागत नाही' म्हणत माणूस पुन्हा तिकडेच वळतो. जुन्या बोलण्यातली 'गाढ झोप' ही अशी होती.

श्वासाची गोष्ट मात्र वेगळ्याच वाटेने चालली होती. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांना ती ऐकून माहीत आहे: घोरणं चढत जातं, एकदम बंद पडतं, काही सेकंद काहीच नाही, मग फुर्रकन श्वास सुटतो आणि माणूस कूस बदलतो. शेजारचा म्हणतो, काय मस्त झोपलाय! 1965 मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी हे अडणं यंत्रावर नोंदवलं. आज 10 सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. श्वास थांबणं आणि बराचसा अडणं मिळून तासाला 30 किंवा अधिक झटके असतील, तर आजार तीव्र. 1981 मध्ये सिडनीत सलिव्हन यांनी नाकातून दाबाने हवा देणारं सीपॅप यंत्र आणलं. आजही मुख्य इलाज तोच, आणि रात्रभर मास्क लावायचा कंटाळा हीच त्याची मोठी अडचण. गोळीचा शोध त्या कंटाळ्यातून सुरू झाला.

2002 मध्ये अमेरिकेत कार्ली आणि सहकाऱ्यांना उंदरांमध्ये टीएचसीने ॲप्निया कमी झालेला दिसला. 2018 मध्ये त्यांनी माणसांवरची चाचणी प्रसिद्ध केली: मध्यम ते तीव्र आजाराचे 73 रुग्ण, 6 आठवडे. कृत्रिम टीएचसीच्या, म्हणजे ड्रोनॅबिनॉलच्या, 10 मिलिग्रॅम डोसवर तासाचे झटके नकली गोळीच्या तुलनेत सरासरी सुमारे 13ने कमी झाले. इथे एक शंका रास्त होती. रेममध्ये घशाचे स्नायू सैल पडतात, त्यामुळे अनेकांचा ॲप्निया तेव्हाच वाढतो. मग रेम घटली म्हणून झटके घटले, एवढाच हा खेळ नसेल? पण या चाचणीत झोपेच्या टप्प्यांची ढोबळ रचना बदलली नव्हती. रक्तातला रात्रीचा ऑक्सिजनही सुधारला नव्हता, आणि माझ्या मते या चाचणीच्या बातम्यांनी दडवलं ते नेमकं हेच.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने ॲप्नियाला वैद्यकीय गांजाच्या यादीत घेतलं. लगोलग एप्रिल 2018 मध्ये अमेरिकेच्या झोपवैद्यक अकादमीने, ॲप्नियासाठी वैद्यकीय गांजा वापरू नये, असं जाहीर केलं. मोजून दिलेली कॅप्सूल आणि चिलीम यांत फरक आहेच. चिलमीत टीएचसी किती, कोणालाच ठाऊक नसतं. शिवाय आपल्याकडे 1985च्या अमली पदार्थ कायद्याने फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा ठरवला आणि तो बाळगणं गुन्हा आहे. नुसती पानं त्या व्याख्येबाहेर राहिली, म्हणून भांगेचा कारभार राज्यांच्या कायद्यांकडे गेला.

जळगाव-धुळ्यात झोपेची तपासणी करायला कोणी गेलं, तर भांग-गांजा घेत असल्यास डॉक्टरांना लाज न बाळगता सांगावं. त्या रात्री रेम कमी आली, तर रेममधला ॲप्निया मोजलाच जाणार नाही आणि आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसेल.