चालकाविना गाडी : भीती कुठून आली आणि सोलापूरला तिचं काय

चालकाविना धावणारी गाडी सोलापूरच्या रस्त्यांवर नाही. ‘अडास’ म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा असलेल्या गाड्या मात्र आल्या आहेत. पुढच्या वाहनापासून अंतर राखणं, लेन सुटली की स्टिअरिंग सावरणं, वेळ पडली तर ब्रेक लावणं, एवढं त्या स्वतः करतात. स्वयंचलनाच्या 0 ते 5 या मापात ही पातळी 2 ची यंत्रणा, म्हणजे जबाबदारी पूर्णपणे चालकाची. यंत्र बघतंय म्हणून चालक सैलावतो आणि चालक आहे म्हणून यंत्राला सूट मिळते. अशा गाड्यांच्या काही गाजलेल्या अपघातांचं मूळ याच मधल्या जागेत आहे.

सुरुवातीला भीती नव्हती, नवल होतं. 2004 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा संस्थेने मोहावी वाळवंटात चालकविरहित गाड्यांची शर्यत लावली. एकही गाडी शेवटपर्यंत पोचली नाही. सर्वांत पुढे गेलेली सुमारे 12 किलोमीटरवर अडकली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पुरी केली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅनली’ जिंकली. 2009 मध्ये गुगलने या कामात हात घातला. पण वाळवंटात आडवं येणारं कुणी नसतं.

मे 2016 मध्ये फ्लोरिडात ‘ऑटोपायलट’ या चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेवर धावणारी टेस्ला गाडी रस्ता ओलांडणाऱ्या ट्रेलरखाली घुसली आणि चालक गेला. लख्ख आकाशापुढे ट्रेलरची पांढरी बाजू यंत्रणेला वेगळी ओळखता आली नव्हती. आडव्या वाहनासाठी ब्रेक लावायला ती बनवलेलीच नव्हती. चालक यंत्रणेवर गरजेपेक्षा जास्त विसंबला आणि रचनेने त्याला तसं विसंबू दिलं, असं अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2017 मध्ये म्हटलं.

दुसरी घटना ॲरिझोनातल्या टेंपी शहरातली, 18 मार्च 2018 च्या रात्रीची. पिशव्या लटकवलेली सायकल हातात धरून एक बाई रस्ता ओलांडत होती. उबरच्या चाचणी गाडीने तिला धडकेच्या 5.6 सेकंद आधी टिपलं होतं. पण यंत्रणा कधी तिला अनोळखी वस्तू समजली, कधी वाहन, कधी सायकल. आणि दर वेळी ठरवलेलं बदललं की ती बाई कुठे चालली आहे याचा हिशेब नव्याने सुरू. झेब्रा क्रॉसिंग सोडूनही माणूस रस्ता ओलांडतो, हे त्या यंत्रणेत धरलेलंच नव्हतं. गाडीत देखरेखीला बसलेली चालक मोबाइल पाहत होती. पुढे गुन्हा दाखल झाला तो तिच्यावर. कंपनीवर फौजदारी कारवाई झाली नाही. त्यानंतर अमेरिकन मोटार संघटनेच्या पाहणीत अशा गाडीत बसायला घाबरणाऱ्या चालकांचं प्रमाण 63 वरून 73 टक्क्यांवर गेलं.

मला सोलापूरकर म्हणून ही घटना सर्वांत जवळची वाटते. मागे टॉवेलचे गठ्ठे बांधलेली सायकल, उलट्या बाजूने येणारी रिक्षा, आषाढीच्या आधी रस्त्याच्या कडेने पंढरपूरकडे निघालेल्या दिंड्या, यातलं काय यंत्राने ‘माणूस’ म्हणून धरलं आहे? गाळप हंगामात रात्री दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर बघा. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, वेग जेमतेम वीसचा. जवळ जाईपर्यंत माणसाच्याही नजरेला तो पाचटाचा काळा ढीगच दिसतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीने उडवलेली एक पादचारी क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीपुढे पडली. टॅक्सी तिला धडकून थांबली आणि मग बाजूला होण्यासाठी तिला सुमारे सहा मीटर फरफटत घेऊन गेली. हा फरफटण्याचा भाग कंपनीने सरकारी यंत्रणेला सुरुवातीला नीट सांगितला नाही. लोकांचा विश्वास तुटला तो इथे, आणि मला तो राग रास्त वाटतो.

उलट बाजूही हलकी नाही. 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यात 32,825 पादचारी आणि 74,897 दुचाकीवरचे. तेव्हा स्टिअरिंगवर माणूसच होता. न थकणारं, न पिणारं यंत्र यातले काही जीव वाचवू शकेल, हे मी मानतो.

नितीन गडकरी यांनी 2017 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये चालकविरहित गाड्यांना भारतात परवानगी देणार नाही असं सांगितलं; कारण दिलं चालकांच्या रोजगाराचं. ट्रकवर पोट असलेली घरं इथे कमी नाहीत, म्हणून ते कारण मोठंच आहे. पण सुरक्षिततेचा प्रश्न त्याने सुटत नाही. ब्रिटनने 2024 च्या कायद्यात गाडी स्वतः चालत असताना जबाबदारी चालकावरून काढून परवानाधारक कंपनीवर टाकली. आपला 1988 चा मोटार वाहन कायदा परवानाधारक माणूस गृहीत धरून लिहिलेला आहे; 2019 च्या दुरुस्तीने नव्या प्रयोगांना सूट देण्याचा अधिकार केंद्राला दिला, एवढंच.

आणि यंत्र येणार आहे ते बहुधा जड वाहनांतून. मोठ्या बस आणि ट्रकना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा केंद्राने 2025 मध्ये काढला. पुणे-हैदराबाद मार्गावरची जड वाहतूक सोलापूरला नवी नाही. त्या ब्रेकची चाचणी रिकाम्या ट्रॅकवर उभ्या पुतळ्यापुढे घेऊन भागणार नाही. ती रात्री, उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉलीमागे घ्यावी आणि तिचा निकाल लोकांना वाचायला मिळावा.