श्वान आरोग्यविमा आणि कुत्र्याची जात

कुत्र्याच्या उपचारांचा खर्च भागवणाऱ्या विम्याचा हप्ता ठरवताना त्याचे वय, राहण्याचे ठिकाण आणि जात पाहिली जाते. जातीचा परिणाम हप्त्यापुरताच नसतो. कोणत्या आजाराचा दावा मंजूर होईल, हेही काही अंशी तिच्यावर अवलंबून असते. विमा घेणाऱ्यांचे लक्ष बहुधा हप्त्याच्या आकड्यावर असते, पण खरी मेख अटींमध्ये असते.

कुत्र्याचा पहिला विमा १९२४ मध्ये स्वीडनमध्ये उतरवला गेल्याचे मानले जाते. पुढे त्या देशातील विमा कंपनीकडे जातवार दाव्यांच्या इतक्या नोंदी जमल्या, की पशुवैद्यक संशोधकांनीही आजारांच्या अभ्यासासाठी त्या वापरल्या.

विशिष्ट रंगरूपासाठी मोजक्या वंशांतच पैदास होत राहिल्याने जातींमध्ये ठराविक दोष रुजले. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग या चपट्या नाकाच्या जातींत अरुंद नाकपुड्या आणि लांब मऊ टाळू यांमुळे श्वास कोंडतो. त्वचेच्या घड्यांतील संसर्ग आणि डोळ्यांच्या तक्रारी वेगळ्याच. डॅशहुंडच्या लांब पाठीत मणक्यांमधली चकती सरकते. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये हृदयाच्या झडपेचा, तर डॉबरमनमध्ये हृदयाच्या स्नायूंचा विकार अधिक आढळतो. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडॉर यांना खुब्याच्या सांध्याची विकृती, ग्रेट डेनला पोट फुगून पिळा पडण्याचा धोका. शिवाय थोराड कुत्र्याला औषध व भूल जास्त लागते आणि त्याचे आयुष्यही तुलनेने कमी असते. त्यामुळे काही कंपन्या मोठ्या जातींसाठी नव्याने विमा घेण्याची कमाल वयोमर्यादा खाली ठेवतात. मिश्र जातीच्या कुत्र्यांचा हप्ता सामान्यतः कमी असतो, पण ती निरोगी असतातच असे नाही. विमा कंपनी सरासरीवर चालते, एकेका कुत्र्यावर नव्हे.

अटींमध्ये आनुवंशिक आणि जन्मजात आजारांचे कलम सर्वांत महत्त्वाचे. काही पॉलिसींत हे आजार समाविष्ट असतात, काहींत जादा हप्ता भरल्यावर मिळतात, तर काहींत ते सरसकट वगळलेले असतात. पगच्या मालकाने असे आजार वगळणारी स्वस्त पॉलिसी घेतली, तर ज्या शस्त्रक्रियेची गरज पडण्याची शक्यता अधिक तीच त्याला स्वतःच्या खिशातून करावी लागेल.

बहुतेक पॉलिसींत विमा सुरू होण्यापूर्वीचे आजार वगळलेले असतात. त्यासाठी निदान झालेलेच असावे लागते असे नाही; पशुवैद्याने कधीकाळी ‘श्वास घेताना आवाज येतो’ किंवा ‘मागचा पाय लंगडतो’ एवढे टिपून ठेवले असले, तरी दावा अडू शकतो. दोन्ही बाजूंच्या अवयवांचे कलमही असेच. विमा घेण्याआधी एका गुडघ्याचा अस्थिबंध तुटला असेल, तर नंतर दुसऱ्या गुडघ्याच्या उपचारालाही नकार मिळू शकतो. लॅब्राडॉर आणि रॉटवायलरमध्ये ही दुखापत वरचेवर दिसते. सांध्यांच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ (विमा सुरू झाल्यावर दावा करता न येणारा सुरुवातीचा काळ) इतर आजारांपेक्षा लांब, काही ठिकाणी सहा महिन्यांपर्यंत असतो. म्हणूनच दोष असलेल्या जातीचे पिल्लू घरी येताच विमा उतरवणे व्यवहार्य ठरते.

अर्जात जात चुकीची नोंदवल्यास हप्त्यातील फरक वसूल होऊ शकतो. हेतुपुरस्सर लपवाछपवी आढळली, तर पॉलिसीही रद्द होऊ शकते. मिश्र जातीबद्दल शंका असेल, तर पशुवैद्याच्या नोंदीतली जातच लिहावी.

आरोग्यविम्याशी गल्लत होते ती दायित्व विम्याची. कुत्रा कोणाला चावल्यास द्यावी लागणारी भरपाई त्यात येते, आणि तिथे जातीकडे आजारांच्या नव्हे तर आक्रमकतेच्या दृष्टीने पाहिले जाते. ब्रिटनच्या १९९१ च्या धोकादायक श्वान कायद्यात पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो आर्जेन्टिनो आणि फिला ब्राझिलेरो या जातींवर बंदी आली. न्यायालयाच्या सवलतीने असा कुत्रा पाळायचा झाल्यास त्रयस्थ-दायित्व विमा सक्तीचा असतो.