बनावट वसुली कॉल

न घेतलेल्या, फेडून झालेल्या किंवा भलत्याच कुणाच्या कर्जाचा थकीत हप्ता मागण्यासाठी भामट्यांनी केलेल्या फोनला बनावट वसुली कॉल म्हणतात. फोन करणारा स्वतःला बँकेचा वसुली अधिकारी, फायनान्स कंपनीचा वकील, कधी थेट पोलिस म्हणवतो आणि तासाभरात पैसे भरायला लावतो. कोल्हापूर परिसरात याला नुसते ‘वसुलीवाल्याचा फोन’ म्हणतात. खऱ्या आणि खोट्या वसुलीला मिळून एकच नाव पडले आहे आणि भामट्याचा निम्मा धंदा त्या नावावर चालतो.

कोल्हापुरात कर्ज फारसे झाकून राहत नाही. विकास सोसायटीचे पीककर्ज उसाच्या बिलातून वळते होते, म्हशीच्या कर्जाचा हप्ता दुधाच्या बिलातून कापला जातो. पतसंस्थेला जामीनदार लागतात. ते भावकीतले, गल्लीतले किंवा एमआयडीसीत शेजारच्या मशीनवर उभे राहणारे असतात. पतसंस्थेसाठी छोटी बचत गोळा करणारा पिग्मीवाला रोज संध्याकाळी दुकानात चहा पिऊन जातो. हप्ता थकला की निरोप आधी जामीनदाराकडे पोचतो आणि जामीनदार तो पाहुण्यांत बोलून दाखवतो. इथल्या कर्जदाराला जप्तीइतकीच धास्ती चारचौघांत नाव निघण्याची असते. भामट्याला कर्जाचे काही ठाऊक नसते, ही धास्ती मात्र पुरती ठाऊक असते. म्हणून पैशाचा विषय काढण्याआधीच तो विचारतो, ‘तुमच्या जामीनदाराला फोन लावू का?’

राजारामपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात प्रस्तुत लेखकासमोर आलेला फोन नमुन्यादाखल पुरे. दुपारचे चार वाजले होते. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘तुमचे एक्केचाळीस हजार आठशे साठ रुपये थकले आहेत. साडेपाचपर्यंत भरले नाहीत तर शाहूपुरी ठाण्यातून गाडी निघेल.’ दुकानदाराचे एकच कर्ज होते, तेही दिवाळीत निल झालेले, आणि बेबाकीचा, म्हणजे कर्ज फिटल्याचा, दाखला त्याच टेबलाच्या खणात होता. तरीही त्यांचा हात कॅल्क्युलेटरकडे गेला. आकड्याच्या त्या आठशे साठच्या शेपटीने काम केले होते. गोल रक्कम सांगितली असती तर कदाचित ते हसले असते. ‘कुठल्या ब्रँचमधनं बोलतायसा?’ त्यांनी विचारले. ‘हेड ऑफिस.’ ‘हेड ऑफिस कुठं हाय?’ ‘सर, नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर येईल.’ नोटीस आली. वर अशोकस्तंभ, खाली निळा गोल शिक्का, शिक्क्यात ‘कोलापूर’, आणि तळाला पैसे भरण्यासाठी क्यूआर कोड. नोट्स काढायला आलेला कॉलेजचा पोरगा मान वाकवून बघत म्हणाला, ‘काका, राजारामपुरीचं ठाणं सोडून गाडी शाहूपुरीतनं कशापाय येतीया?’ फोन तिथेच बंद झाला. दुकानदारांनी मात्र नंतर बराच वेळ त्या दाखल्याची घडी उलगडून पुन्हा पुन्हा वाचली.

या फोनचे अनेक प्रकार आढळतात. फेडलेल्या कर्जाची ‘उरलेली बाकी’ मागणे हा साधा प्रकार. दुसऱ्यात कर्ज आणि थकबाकी खरी असते, वसुलीवाला तेवढा खोटा. ‘सेटलमेंट करून देतो, निम्म्यात मिटवू’ असे सांगून तो वैयक्तिक यूपीआय आयडीवर पैसे घेतो; मूळ कर्ज जागच्या जागी राहते. अडलेला माणूस यात सर्वांत लवकर सापडतो, कारण त्याला खोटे बोलणाऱ्यापेक्षा सवलत देणारा भेटल्यासारखे वाटते. ‘नोटीस’ म्हणून एपीके, म्हणजे ॲप बसवणारी, फाईल पाठवणे हा आणखी एक. ती उघडून इन्स्टॉल केली की फोनमधले एसएमएस, म्हणजे ओटीपीही, परस्पर भामट्याकडे जाऊ शकतात. काही फोन वसुलीवरून सुरू होऊन ‘तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला’ इथवर जातात आणि व्हिडिओवर गणवेशातला माणूस दिसू लागतो. ‘डिजिटल अटक’ ती हीच. अशी अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही सांगितले होते.

सर्वांत वाईट प्रकार झटपट कर्ज देणाऱ्या बेकायदा ॲपचा. मागितलेल्या रकमेतून ‘प्रोसेसिंग फी’ आधीच कापली जाते, आठवड्याभरात दामदुप्पट मागणी येते, आणि ॲप टाकताना दिलेल्या परवानगीतून फोनमधली नावे व फोटो त्यांच्या हाती गेलेले असतात. मग कर्जदाराच्या मामाला, मालकाला, मुलीच्या शिक्षिकेला फोन जातात. फोटोत फेरफार करून पाठवले जातात. गूगलने आपल्या प्ले स्टोअरवरील वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्कयादी आणि फोटो पाहण्यास ३१ मे २०२३ पासून मनाई केली; पण लिंकवरून थेट उतरवलेल्या ॲपला ते कुंपण नसते. इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. कुणीतरी ॲपमध्ये ‘रेफरन्स’ म्हणून आपला नंबर टाकला म्हणजे आपण जामीनदार होत नाही. जामिनकीला स्वतःची संमती लागते आणि बँका व पतसंस्था ती सही घेऊनच नोंदवतात.

खऱ्या वसुलीला स्वतःची वाट असते आणि ती कागदांवरून जाते. सहकारी पतसंस्थेची थकबाकी असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकांकडे अर्ज होतो, कर्जदार आणि जामीनदारांना नोटीस निघते, म्हणणे मांडायला तारीख मिळते, मग वसुली दाखला. त्यानंतर कलम १५६ खाली वसुली अधिकारी मागणी नोटीस आणि जप्तीकडे वळतो. गावात ‘एकशेएकची नोटीस’ म्हटले की लोकांचा घसा कोरडा पडतो, हे भामट्यांनाही कळले आहे. फोनवर ते हाच आकडा फेकतात. पण या वाटेवर कुठेही ‘साडेपाचपर्यंत क्यूआरवर भरा’ असा टप्पा नाही. हप्ता थकणे हा मुळात दिवाणी मामला आहे आणि पोलिस हप्ते गोळा करत फिरत नाहीत. हप्त्यापोटी दिलेला चेक न वटला तर गोष्ट वेगळी. तिथेही आधी लेखी मागणी नोटीस येते. लोकअदालतीच्या नावाने येणाऱ्या खोट्या नोटिसांचेही तसेच. लोकअदालतीत तडजोड दोघांच्या राजीनेच होते. शंका आली तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर विचारता येते.

बँका आणि वित्त कंपन्यांच्या वसुली प्रतिनिधींवर रिझर्व्ह बँकेची बंधने आहेत. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करता येत नाही, धमकावता येत नाही, नातेवाइकांसमोर मानहानी करता येत नाही. मायक्रोफायनान्ससाठी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना दिलेल्या छोट्या कर्जांसाठी, ही वेळ आणखी आखूड, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. डिजिटल कर्जात परतफेड थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात व्हावी लागते, त्यामुळे कुणा इसमाच्या नावाचा यूपीआय आयडी दिसला की तिथेच थांबावे. खरा वसुलीवाला नियम मोडत असेल तर आधी त्याच्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, मदतवाहिनी १४४४८. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या उप किंवा सहायक निबंधकांकडे करायची असते.

आपल्या नावावर खरेच कर्ज आहे का, हे फोन करणाऱ्याकडून कळून घेण्याची गरज नसते. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण पत अहवाल फुकट देणे बंधनकारक आहे. आपले आधार-पॅन वापरून दुसऱ्याने उचललेले कर्जही त्यात दिसू शकते. त्याहून सोपे म्हणजे शाखेत जाऊन येणे. कोल्हापुरात शाखा बहुधा दोन-तीन चौकांवर असते, आणि ‘शाखेत येतो, तिथंच बोलू’ एवढ्या एका वाक्यावर बरेच भामटे फोन ठेवतात.

फिरकी घेणे हा या विषयाचा कोल्हापुरी पोटविभाग मानावा लागेल. तालमीच्या कट्ट्यावर स्पीकर चालू करून वसुलीवाल्याला ‘आलो, म्हशीची धार काढून पैसे टाकतो’ असे अर्धा तास झुलवण्याची हौस पुष्कळांना आहे. ऐकायला मजा येते, नाकारण्यात अर्थ नाही. पण नंबर चालू आहे आणि माणूस बोलतो, एवढे कळले की दहा नवे नंबर मागे लागतात. शिवाय चिडवलेला भामटा फोटोंच्या खोडसाळपणावर उतरू शकतो. पलीकडे बोलणाराही कधी नोकरीच्या आमिषाने कंबोडिया किंवा म्यानमारला नेऊन डांबलेला, मारहाणीच्या भीतीने फोन करणारा पोरगा असतो. एक-दोन प्रश्न, लेखी मागणी, आणि फोन बंद, एवढेच करणारे लोक कमी त्रासात सुटतात. पैसे गेलेले नसतील तर तो नंबर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलच्या ‘चक्षू’ सोयीत कळवता येतो. ती मार्च २०२४ मध्ये सुरू झाली.

पैसे गेलेच तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतवाहिनीला, पाठोपाठ आपल्या बँकेला. व्यवहाराचा बारा अंकी यूपीआय क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी. १९३० वर तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला सूचना जाते आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर रोखली जाते. भामटे ती भाड्याने घेतलेल्या खात्यांतून भराभर पुढे ढकलतात, त्यामुळे घरच्यांना कसे सांगायचे या विचारात घालवलेला तासच बहुधा महाग पडतो. खाते भाड्याने देणारेही गुन्ह्यात ओढले जातात. ‘नुसतं पासबुक दिलं होतं’ हे म्हणणे पोलिसांसमोर टिकत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या नियमाप्रमाणे बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाच्या माथी येते. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक), ३१९ (तोतयेगिरी) आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६-ड खाली नोंदला जातो. बदनामीची धमकी देऊन पैसे उकळले असतील तर खंडणीचे कलम ३०८ लागते.

तक्रार जवळच्या ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलिस ठाण्यात देता येते. रिक्षावाल्याला मात्र ‘सायबर पोलिस ठाणे’ असे पूर्ण सांगावे. नुसते ‘सायबर’ म्हटले तर तो राजारामपुरीपलीकडच्या सायबर चौकात नेऊन सोडेल. त्या चौकाला नाव तिथल्या छत्रपती शाहूंच्या नावाच्या व्यवस्थापन संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले आहे.