जुन्या गाडीतील कूलंटची गळती: शोध आणि दुरुस्ती

गाडीच्या कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी वारंवार खाली जात असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडत आहे असेच समजावे. इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा बंदिस्त असते आणि इंजिन ऑइलप्रमाणे थोडेफार जळून कमी होणे कूलंटच्या बाबतीत अपेक्षित नसते. त्यामुळे दर काही दिवसांनी टाकीत साधे पाणी ओतून गाडी चालवत राहणे, ही सवय आम्हा गॅरेजवाल्यांना गळतीपेक्षाही अधिक काळजीची वाटते; कारण त्यामुळे कूलंट पातळ होते, त्यातील गंजरोधक द्रव्यांचे प्रमाण घटते आणि आतून गंज वाढून नव्या जागी गळतीची तयारी होते. आमचा आग्रह असा की, आधी गळतीची जागा व तिचे कारण निश्चित करावे आणि मगच सुटा भाग बदलावा.

घरच्या घरी काय पाहता येईल

तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच करावी. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. हवेच्या नेहमीच्या दाबापेक्षा साधारण १ बार (बार हे दाबाचे एकक) जादा दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. म्हणजे झाकण बंद असताना आतील द्रव १०० अंशांच्या वर असूनही शांत असतो आणि झाकण सैल होताच क्षणात उकळून उसळतो. इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून हात त्याच्यापासून दूर ठेवावा.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवल्यास सकाळी डाग कोठे पडला ते दिसते. एसीचे पाणी रंगहीन व गंधहीन असते, तर कूलंट बहुधा रंगीत, बोटांना बुळबुळीत आणि किंचित गोडसर वासाचे असते. त्यातील एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि त्याच्या गोड चवीमुळे पाळीव प्राणी ते चाटतात, त्यामुळे सांडलेले कूलंट लगेच पुसून घ्यावे.

पुठ्ठा कोरडा राहिला म्हणून गळती नाही, असे मात्र समजू नये. बारीक झिरप तापलेल्या धातूवरच वाळून जाते आणि मागे पांढरी, हिरवट किंवा गुलाबी खपली ठेवते. होजची (कूलंट वाहून नेणाऱ्या रबरी नळ्यांची) टोके, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीचा सांधा, कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाखालचे लहान छिद्र आणि इंजिन ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेली धातूची बुचे, या ठिकाणी अशी खपली शोधावी. पंपाचे ते छिद्र मुद्दामच ठेवलेले असते: आतील सील झिजले की द्रव तिथून बाहेर येतो. तिथून ओघळ दिसू लागला, तर छिद्र बंद न करता पंपच बदलावा लागतो. पुढच्या आसनाजवळचा गालिचा ओला लागत असेल किंवा समोरच्या काचेवर आतून चिकट धुके येत असेल, तर केबिनच्या हीटरचा छोटा रेडिएटर गळत असण्याची शक्यता मोठी आहे.

गॅरेजमधील तपासणी आणि दुसरी गळती

आम्ही थंड इंजिनावर हातपंपाने यंत्रणेत दाब भरतो. हा दाब झाकणावर छापलेल्या मर्यादेपुरताच ठेवून काटा सुमारे पंधरा मिनिटे पाहिला जातो. झाकणाची तपासणी वेगळी होते, कारण त्याची स्प्रिंग किंवा रबर थकले असेल, तर यंत्रणेत पुरेसा दाबच टिकत नाही.

जुन्या गाडीच्या मालकांनी पुढची गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. थकलेल्या झाकणामुळे किंवा गळक्या रेडिएटरमुळे बराच काळ कमी दाबावर चाललेल्या यंत्रणेत इतर कमकुवत भाग तग धरून असतात. नवा भाग बसताच दाब पूर्ववत होतो आणि आजवर कोरडी असलेली होज किंवा सांधा पाझरू लागतो. दुरुस्ती चुकली अशी ग्राहकांची समजूत होणे तेव्हा स्वाभाविक असते. प्रत्यक्षात दुसरी कमजोरी आधीपासूनच तिथे असते. म्हणून दुरुस्तीनंतर आम्ही दाबाची चाचणी पुन्हा करतो आणि दाबल्यावर पिचपिचीत लागणाऱ्या, फुगलेल्या किंवा तडे गेलेल्या होज त्याच वेळी बदलण्याचा सल्ला देतो. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनच्या व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्यावर) चालत असल्यास दोन्ही एकत्र बदलणे शहाणपणाचे ठरते, कारण खोलण्याचे श्रम तेच असतात.

बाहेर कुठेही ओल नाही आणि तरीही दाब उतरतो, अशा वेळी हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि त्यावरचे झाकणवजा हेड यांच्यामधल्या सीलचा, विचार करावा लागतो. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यानंतरही न थांबणारा पांढरा धूर, दुधाळ झालेले ऑइल, थंड इंजिन सुरू करताच कडक होणारी वरची होज, ही त्याची लक्षणे आहेत. रेडिएटरच्या तोंडाशी जमणारी हवा निळ्या रसायनातून ओढली असता ते पिवळे झाले, तर ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत असल्याचे कळते.

गळती बुजवणारी बाटलीतील द्रव्ये आम्ही सुचवत नाही. ती हीटरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्याही तितक्याच तत्परतेने बुजवतात.

नवे कूलंट भरताना

कूलंटची निवड रंगावरून न करता गाडीच्या पुस्तिकेतील प्रकारावरून करावी आणि भिन्न प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. तयार मिश्रण नसल्यास बहुतेक गाड्यांसाठी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घेतले जाते. आत अडकलेली हवा काढणे अत्यावश्यक आहे. ती राहिल्यास पातळी योग्य दिसूनही इंजिन तापते. पहिल्या काही फेऱ्यांनंतर थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी.

वाटेत तापमानाचा काटा चढू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरम ठेवावा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबून इंजिन बंद करावे. कूलंट फारच कमी झाले असेल, तर सेन्सर द्रवाऐवजी वाफेत राहतो आणि काटा फसवा आकडा दाखवू शकतो; काटा अचानक खाली आला म्हणून पुढे जाऊ नये. अ‍ॅल्युमिनियमचे हेड अतितापाने वाकते आणि मग होजपुरते असलेले काम इंजिन खोलण्यापर्यंत जाते.

गाडी तपासणीसाठी आणण्यापूर्वी कृपया इंजिन धुऊ नये, कारण खपलीच्या खुणा त्यात निघून जातात. शक्य असल्यास गाडी आदल्या संध्याकाळी सोपवावी आणि गळती थंड इंजिनावर दिसते की लांबच्या प्रवासानंतर, किती दिवसांनी किती कूलंट भरावे लागते आणि मागे कोणते भाग बदलले आहेत, हे लिहून द्यावे.